मध हाताशी असावा



मधमाश्यांची आडवी पेटी आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिली असेल. तिला मजल्यावर मजले नसतात. लांबट पेटाऱ्यात सगळ्या चौकटी एका रांगेत टांगलेल्या असतात. फ्रान्सचे जॉर्ज द लायांस (1834–1897) यांच्या नावाची अशी पेटी स्पेनमध्ये आजही खूप वापरतात. तिच्या चौकटी रुंदीपेक्षा उंचीला जास्त असतात.

या खोल चौकटीत खालच्या बाजूला अंडी आणि अळ्या असतात, आणि त्याच पोळ्यात, त्यांच्या अगदी डोक्यावर, मध असतो. फुलोरा भरपूर असला की जास्तीचा मध बाजूच्या चौकटींत भरला जातो. मधपाळाने घ्यायचा तो हा. डोक्यावरचा मध माश्यांचा. युरोपच्या कडक थंडीत माश्या एकमेकींना बिलगून बसतात आणि मध खात खात त्याच पोळ्यावर वर सरकतात. डोक्यावरचा मध संपला आणि थंडी हटली नाही, तर दोन चौकटी पलीकडे मध असूनही त्यांना तिथवर जाता येत नाही. भरल्या पेटीत त्या उपाशी मरतात.

हे समजले तेव्हा आम्हाला आपल्या मंडळीचा मदत निधी आठवला. गेल्या जूनमध्ये एक विधवा भगिनी मुलाच्या फीसाठी आमच्याकडे आली. आम्हीच तिला सांगितले, अर्ज लिहा, दोन पंचांच्या सह्या आणा, सभा पुढच्या महिन्यात आहे. सभा झाली, रक्कम मंजूरही झाली. तोवर तिने व्याजाने पैसे काढले होते. आमचा हिशेब चोख होता, आणि आमची बहीण कर्जात होती.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 मध्ये रोजच्या वाटपात काही विधवांची उपेक्षा होत असल्याची तक्रार आली. प्रेषितांनी त्यांना थांबायला सांगितले नाही. त्या कामासाठी सात विश्वासू माणसे नेमली.

आमचे मत असे आहे : मोठा निधी बँकेतच राहू द्या, मोठ्या आजारपणाला तो लागतो. पण त्यातला लहानसा भाग प्रत्येक वस्तीतल्या प्रार्थना गटाच्या दोन विश्वासू माणसांच्या हाती असावा. गरज दिसली की त्याच दिवशी द्यावे, हिशेब नंतर पंचांना दाखवावा, आणि घेणाऱ्याचे नाव कोणापुढे वाचू नये. कोणी फसवील, अशी भीती काहींना वाटते. एखाद्या वेळी फसवलेही जाऊ. पण एका फसवणुकीच्या भीतीने दहा खऱ्या गरजवंतांना दारात उभे ठेवणे, हे आम्हाला जास्त महागात पडलेले दिसते.

येत्या रविवारी अर्पणाची थाळी आपल्यापुढे येईल तेव्हा थोडा विचार करू या : हे अर्पण कोणाच्या डोक्यावर, कोणाच्या हाताशी ठेवले जाणार आहे? प्रभू आपल्याला उदार हात देवो, आणि ते वेळेवर पुढे करण्याची बुद्धीही देवो. आमेन.