पीडीएफ विकली, म्हणजे नेमकं काय विकलं?

दिलसुखनगरला मेट्रोतून उतरलं की कोचिंग क्लासच्या पाट्यांनी डोळे भरून जातात. खाली झेरॉक्सची दुकानं, वर होस्टेलं. आपल्या मराठवाड्यातली मुलंही इथे भेटतात. कुणी बँकेच्या परीक्षेसाठी, कुणी सॉफ्टवेअरच्या कोर्ससाठी आलेलं. त्यातल्या काहींनी आता जोडधंदा काढलाय. स्वतःच्या नोट्सची पीडीएफ करायची, यूपीआयवर दीडशे रुपये आले की लिंक पाठवायची.

माझ्या ओळखीचा नांदेडचा एक मुलगा हेच करतो. सुट्टीत घरी गेला तेव्हा आजोबांनी त्याला विचारलं, "त्याला दिलंस, तरी तुझ्याकडे तेवढंच राहिलं. मग विकलंस काय?" या कमाईला हलाल म्हणायचं की नाही, ही त्यांची काळजी.

आपण हसून सोडून देऊ असा हा प्रश्न, पण मुस्लिम धर्मशास्त्रींनी त्यावर वर्षानुवर्षं वाद घातलाय. भारतातले बहुसंख्य मुसलमान हनफी परंपरा मानतात. तिच्या जुन्या व्याख्येत 'माल' म्हणजे ज्याची माणसाला ओढ असते आणि जे गरजेच्या वेळेसाठी साठवून ठेवता येतं ते. नुसता हक्क त्यात बसत नव्हता. म्हणून देवबंदच्या परंपरेतले मुफ्ती मुहम्मद शफी ग्रंथहक्काची विक्री मान्य करत नव्हते. त्यांचेच चिरंजीव तकी उस्मानी यांनी मात्र तिला मान्यता देणारी बाजू मांडली. लोकव्यवहारात ज्याला किंमत आली, तो माल. कुवेतमध्ये डिसेंबर १९८८मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीच्या बैठकीनेही लेखनाचे आणि शोधाचे हक्क ही मालमत्ता मानली आणि त्यांवर अतिक्रमण करू नये असा ठराव केला.

मी मुलाच्या बाजूने आहे. तरी वडिलांच्या बाजूचं म्हणणं मला टाकवत नाही. विद्या कुलूपबंद होईल ही त्यांची भीती होती, आणि जुनी पुस्तकं घेऊन शिकणाऱ्याला ती लगेच कळते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली अभ्यासक्रमासाठी पुस्तकातली पानं झेरॉक्स करायला मुभा दिली, तेव्हा वाद याच्याच आसपासचा होता.

पण पीडीएफ हा माल ठरला म्हणजे सगळं सुटलं, असं नाही. खरी मजा पुढे आहे. न पाहता घेतलेली वस्तू पाहिल्यावर परत करायचा हक्क हनफी फिकह गिऱ्हाइकाला देते. पीडीएफचं काय? पाहिली म्हणजे वाचली, आणि वाचली म्हणजे वापरली! म्हणून 'पैसे परत मिळणार नाहीत' असं लिहून मोकळं होणारे विक्रेते पुष्कळ. धान्याच्या राशीतली मूठभर पाहिली तरी रास पाहिल्यासारखी, असं तेच शास्त्र सांगतं. मग दहा-बारा पानं आधी मोकळी दाखवायला काय हरकत आहे? अजून न लिहिलेल्या टेस्ट सिरीजचे पैसे आगाऊ घ्यायचे, तर 'सलम'चा करार आहे: किती पेपर, कसे, कोणत्या तारखेला, सगळं आधी ठरलेलं हवं. आणि मित्रांकडून पाच-पाच तारे लिहून घेणं? खोटी बोली लावून भाव चढवण्याला 'नजश' म्हणतात, ते निषिद्धच. हे मला त्याचंच भावंड वाटतं.

आपल्याजवळ नाही ते विकू नये, ही अट सगळ्यात अवघड. त्या मुलाच्या फाईलमधला एक अख्खा धडा क्लासच्या छापील नोट्समधून उचललेला होता. आजोबांशी बोलणं झाल्यावर त्याने तो काढला. पानं कमी झाली, म्हणून किंमतही कमी केली.

हे आपल्या ई-अंकात कशाला, असं कुणी म्हणेल. तर मंडळी, मंडळाच्या ग्रुपवर गेल्या वर्षभरात किती मराठी कादंबऱ्या फुकट फिरल्या, ते जरा वर सरकवून बघा. त्यातले बरेचसे लेखक हयात आहेत, आणि त्यातल्या एक-दोघांना आपण व्याख्यानाला बोलावतो. आपण विकत नाही, नुसतं पुढे पाठवतो, हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही.

फिकहमध्ये चुकीच्या मार्गाने आलेल्या पैशाचाही नियम आहे. मूळ मालकाला परत करायचा. मालक सापडलाच नाही तर दान करायचा, पण पुण्याची अपेक्षा न ठेवता. मालक जिवंत आहे आणि त्याचा पत्ता पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर छापलेला आहे, तिथे ही दुसरी वाट उरतच नाही.