सामूशी झुंजण्याआधी चुना मोजा

कोकणच्या जांभ्या जमिनीतून मुसळधार पाऊस कॅल्शियम धुऊन नेतो आणि माती आम्लधर्मी होते, म्हणून तिथे चुना टाकावा लागतो. लोहा तालुक्यातील काळ्या रानांचे दुखणे नेमके उलटे आहे. बेसॉल्टपासून झालेल्या या मातीत चुना मुळातच भरपूर. म्हणूनच मोसंबीवर केवडा दिसतो: नवी पालवी पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. लोह मातीत असते, पण मुळांना मिळत नाही.

अशा वेळी ‘गंधक टाका, सामू उतरेल’ हा सल्ला सर्रास दिला जातो. त्याचा हिशेब मांडून पाहावा. एकरभर रानातील वरच्या अर्धा फूट मातीचे वजन सुमारे 9 लाख किलो. तिच्यात मुक्त चुना 1 टक्का धरला तरी तो 9 हजार किलो होतो आणि तेवढा संपवायला जवळपास 2,900 किलो गंधक लागते. चुनखडीच्या रानात हे प्रमाण कितीतरी जास्त असते. दोन-चार पोती गंधकाने अख्ख्या रानाचा सामू बदलणार नाही. जिप्सम हे तर सोडियमने बिघडलेल्या चोपण जमिनीचे औषध. चुनखडीवर त्याचा खर्च वाया जातो. सामू 8.5 च्या वर असेल तर मात्र सोडियम तपासून घ्यावा.

लागवडीआधी 3 फूट खड्डा घ्या, प्रत्येक फुटाचा नमुना वेगळा द्या आणि अहवालात सामू व क्षारतेसोबत मुक्त चुन्याची टक्केवारी मागा. ती जास्त आली तर मोसंबीचा हट्ट सोडून चिंच, सीताफळ, बोर निवडा. भूमध्य समुद्राकाठी चुनखडीच्या माळावर शेतकरी शेंगांचा कॅरोब पिकवतात. जमिनीला मानवेल ते झाड, हाच त्यामागचा विचार आहे. उभ्या बागेत शेणखत वाढवा, पाणी साचू देऊ नका. जमिनीतून लोह द्यायचे तर ईडीडीएचए चिलेट वापरा. ईडीटीए चुनखडीत टिकत नाही, ते फवारणीसाठी ठेवा.

रोपवाटिकाचालक आणि सल्लागार मित्रांना आग्रहाची विनंती: माती परीक्षणाचा अहवाल पाहिल्याशिवाय मोसंबीचे कलम देऊ नका. चुकीच्या जमिनीत लावलेल्या बागेचा तोटा शेतकऱ्याला वर्षानुवर्षे सोसावा लागतो आणि तो टाळणे आपल्या हातात आहे.