गळा धुऊन मिळेल

नामदेव महाराज सातशे वर्षांपूर्वी गाऊन गेले, हे त्यांचं नशीब. औंढ्याच्या देवळामागे ते कीर्तनाला उभे राहिले आणि देऊळ फिरलं, अशी आख्यायिका. आज हिंगोलीतल्या एखाद्या स्टुडिओत उभे राहिले असते, तर देऊळ जागच्या जागी राहिलं असतं आणि महाराजांचा गंधार फिरवला गेला असता.

स्टुडिओ म्हणजे मोबाइलच्या दुकानावरची खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे. (बाहेरचा आवाज त्यांनी अडत नाही, पण शास्त्र असतं ते.) एक संगणक, आणि त्यापुढे कंठशुद्धीचे सर्वाधिकार राखून बसलेले म्युझिक डायरेक्टर. आमच्या भजनी मंडळाच्या बुवांनी आलाप घेतला, तर हे स्क्रीनकडे बघून म्हणतात, "काका, गंधार खाली लागायलाय. टेन्शन नका घेऊ, ट्यून मारतो." अरे बाबा, दरबारी होता तो! त्याचा कोमल गंधार पेटीच्या पट्टीवर बसतच नाही. उतरतो, झोके घेतो, म्हणून तर दरबारी. पण डायरेक्टरसाहेब गाणं कानाने ऐकत नाहीत, डोळ्यांनी ऐकतात. रेषा वाकडी दिसली की गायक बेसूर!

गंमत बघा. पेटीला मींड येत नाही, श्रुती येत नाहीत, म्हणून आकाशवाणीने 1940 साली तिला बाहेर काढलं ते थेट 1971 पर्यंत. आता जिवंत गळ्याची पेटी करून देतात आणि त्याला 'करेक्शन' म्हणतात. यातलं प्रसिद्ध हत्यार, ऑटो-ट्यून, 1997 साली ज्या अँडी हिल्डेब्रँडने आणलं, त्याची आधीची हयात तेलाच्या शोधात जमिनीतल्या कंपनांचं गणित मांडण्यात गेली. त्याचं गणित पक्कं होतं, तक्रार नाही. पण बुवांच्या गळ्यात तेल शोधायला कोणी सांगितलं होतं?

सूर झाला की साफसफाई. नॉइज गेट नावाचा एक वॉचमन असतो. ठरलेल्या पातळीखालचा आवाज आला की तो दार लावतो. जनरेटरची घरघर अडवली, तर मी पेढे वाटीन. पण त्याला काय कळणार घरघर कुठली आणि विरत जाणारा षड्ज कुठला? बुवांचा 'विठ्ठल' दर वेळी 'विठ्ठ'वर आपटत होता. ऐन समाधीत लाइट गेल्यासारखा.

मग श्वास. एकेक निवडून कापले. "प्रोफेशनल वाटत नाही, काका." वा! क्षयाने एक फुप्फुस निकामी झाल्यावर कुमार गंधर्वांनी उरलेल्या दमावर नवी गायकी उभी केली. छोट्या, धारदार ताना, मध्येच सोडलेली जागा. हिंगोलीत आले असते तर ह्या महाशयांनी त्या जागा ओढून-ताणून सांधून दिल्या असत्या. वर फुप्फुसांची काळजी घ्यायचा सल्ला फुकट.

आणि खरा तमाशा यापुढे. श्वास गेले, मींड गेली, खाकरणं गेलं. गाणं इतकं स्वच्छ झालं की गाणाराच उरला नाही. हे साहेबांच्याही लक्षात आलं. "थोडं मेकॅनिकल वाटायलंय," हे वर आम्हालाच. म्हणजे बुवांचा दोष! मग काय केलं असेल? 'ह्यूमनाइज' नावाचं बटण फिरवलं. खोलीचा खरा घुमारा मघाशी पुसला होता, त्याजागी कुठल्या तरी परदेशी चर्चचा घातला. शेवटी जुन्या तबकडीची खरखर पसरवणारं एक प्लगइन. खरी खरखर काढायला दुपार घालवली, खोटी दोन क्लिकमध्ये आली. "आता कसं, ओरिजनल!"

बिलात दोन वेगळ्या ओळी होत्या: 'नॉइज रिमूव्हल' आणि 'ह्यूमन फील'. दुसरीचा दर जास्त.