पाहुण्याची चौकशी

कोल्हापूरकडच्या मास्तराने समुद्रातल्या जेलीफिशची उठाठेव का करावी, असा प्रश्न आमच्या काही विद्वान मित्रांना पडतो. त्यांनी एकदा कसबा बावड्याला येऊन राजाराम बंधाऱ्यापाशी उभे राहावे. पंचगंगेत जे केंदाळ माजते, ते मूळचे ॲमेझॉनच्या मुलखातले. फुलांच्या हौसेने ते बंगालमध्ये आले आणि १९३६ साली त्याच्याविरुद्ध तिथे खास कायदा करावा लागला. कायदा जुना झाला. केंदाळ ताजेच आहे!

समुद्रातही न्याय हाच. १९८०नंतरच्या दोन-चार वर्षांत अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा एक पारदर्शक जीव काळ्या समुद्रात पोचला. (काटेकोर शास्त्र त्याला जेलीफिश म्हणत नाही, लांबचा नातलग म्हणते.) जहाजे तोल सांभाळण्यासाठी पोटात पाणी भरून घेतात आणि दूरच्या बंदरात ओततात, त्यातूनच तो आला असावा. हा जीव एकटाच नर आणि मादी दोन्ही असतो, म्हणजे प्रपंच थाटायला जोडीदारही नको. माशांची अंडी, पिल्ले आणि पिल्लांचे अन्नही त्याने फस्त केले. दशक संपता संपता तिथली मासेमारी कोसळली.

तथापि सारा दोष त्याच्या माथी मारणे ही लबाडी आहे. त्या समुद्रात मासे आधीच बेसुमार ओरबाडले होते आणि नद्या खतांचा गाळ आणून ओतीत होत्या. आमच्या केंदाळालाही सांडपाण्याचा खुराक आम्हीच देतो ना? धोका मोजायचा तर पाहुण्याबरोबर यजमानाच्या घराचीही झडती घ्यायला हवी. अरबी समुद्र गेल्या काही दशकांत अंशाहून अधिक तापला आहे. थंडीमुळे जे जीव इथे तगत नव्हते, त्यांचा पहारेकरीच आपण रजेवर पाठवला.

आपल्याकडे मात्र पावसाळ्यात जुहूला ‘ब्लू बॉटल’ लागल्या की बोंब उठते. अहो, त्या वाऱ्याबरोबर येणाऱ्या जुन्याच वाटसरू! खरा उपरा गाजावाजा करीत नाही. कित्येक जेलीफिशची बालरूपे तिळाएवढी असतात. जहाजाच्या तळाला, धक्क्याच्या खांबाला चिकटून मोसमाची वाट पाहतात. मग ‘अजून पुरावा नाही’ म्हणणाऱ्या साहेबांना विचारावेसे वाटते, शोधलेत कुठे?

जहाजांतल्या त्या पाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ साली झाला आणि अमलात यायला २०१७ उजाडले. तेरा वर्षे! तेवढ्यात तो काळ्या समुद्रातला पाहुणा आजोबा-पणजोबा होऊन बसला असता.

आता वाढवणला प्रचंड बंदर होऊ घातले आहे. पहिले जहाज लागण्यापूर्वी तिथल्या खडकांवर, गाळात, पाण्यात आज कोण कोण राहते याची बारीक मोजदाद करा, आणि ती दर वर्षी पडताळा. हे काम डहाणूच्या कोळ्यांना बरोबर घेऊनच करा. जाळ्यात नवखे काही आले तर ते त्यांनाच आधी दिसेल. खर्च बंदराच्या खात्यावर पडावा. पंचगंगेतले केंदाळ उपसण्याचे पैसे आम्ही भरतो, ते आणणाऱ्या हौशी मंडळींकडून कोणी एक दमडी वसूल केलेली नाही.