दूरचे दिसते म्हणून पृथ्वी सपाट ठरत नाही

शेकडो किलोमीटर दूरच्या शिखराचे छायाचित्र पुढे करून, ‘पृथ्वी गोल असती तर हे दिसलेच नसते’, असे सांगणारे आजही आढळतात. हा युक्तिवाद नवा नाही. पूर्व इंग्लंडमधील ओल्ड बेडफर्ड कालव्यावर तो दीडशे वर्षांपूर्वीच पारखला गेला आहे.

१८३८ साली सॅम्युअल रोबॉथम याने या सरळ कालव्यात उतरून, डोळा पाण्यापासून अवघा ८ इंच उंच ठेवून, ६ मैल दूर जाणारी होडी न्याहाळली. वक्रतेच्या हिशेबाने तेथे १६ फुटांपर्यंतचे काहीही दिसावयास नको होते. होडी मात्र दिसत राहिली. त्यावरून त्याने पृथ्वी सपाट ठरविली. पाण्यालगतची हवा थंड व दाट आणि वरची उबदार व विरळ असली, की प्रकाशकिरण खाली वाकतात, हे त्याने विचारातच घेतले नाही.

१८७० साली जॉन हॅम्डेन याने पृथ्वीची वक्रता सिद्ध करणाऱ्यास ५०० पौंडांची पैज लावली. ती आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाने स्वीकारली. तरुणपणी जमीनमोजणी केलेल्या वॉलेसने दुर्बीण, मधली तबकडी आणि पलीकडच्या पुलावरील खूण ही तिन्ही पाण्यापासून सारख्याच, १३ फुटांहून अधिक उंचीवर ठेवली. पाणी सपाट असते तर तिन्ही एका रेषेत आली असती. मधली तबकडी स्पष्टपणे वर दिसली. पंचाने निकाल वॉलेसच्या बाजूने दिला.

हॅम्डेनने मात्र तो मानला नाही. त्याने वॉलेसची वर्षानुवर्षे निंदा केली. बदनामीबद्दल तुरुंगवासही भोगला. पुढे न्यायालयाने पैजच बेकायदा ठरविल्याने त्याला त्याचे पैसे परत मिळाले. वॉलेसच्या पदरी खर्च आणि मनस्ताप तेवढा पडला. अभिमान पणाला लागला, की पुरावाही दुबळा ठरतो तो असा.

शिखरांच्या छायाचित्रांचा उलगडा तर याहून सोपा आहे. २,००० मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे १६० किलोमीटर दूर असते. समोरचे शिखरही तेवढेच उंच असेल, तर ३२० किलोमीटरांवरूनही त्याचा माथा नजरेच्या टप्प्यात येतो. पायथा मात्र दडलेलाच राहतो.

म्हणून असा दावा पुढे आला, की शिक्षकांनी त्याची टर उडवू नये. पाहणाऱ्याची उंची किती, दिसणाऱ्या वस्तूची किती आणि त्या वेळी हवा कशी होती, हे तीन प्रश्न विद्यार्थ्यांनाच विचारू द्यावेत. पृथ्वी गोल आहे हे पाठ करण्यापेक्षा ते पडताळता येणे अधिक मोलाचे आहे.