वर्गणीला पावती, मंडळाला खाते : कुर्ल्यातील विद्यार्थ्यांचे निवेदन

प्रति,
मा. कुलगुरू,
मुंबई विद्यापीठ, मुंबई.

विषय : महाविद्यालयीन विद्यार्थी मंडळांना स्वतःचा निधी कायदेशीर आणि हिशेबी मार्गाने उभारता यावा, यासाठी खाते, परवानगी व बीजभांडवलाची सोय होण्याबाबत.

महोदय,

कुर्ला स्थानकाच्या पश्चिमेला सकाळी शेअर रिक्षांच्या रांगा लागतात. त्यांतल्या बऱ्याच वांद्रे-कुर्ला संकुलाकडे जातात. या संकुलाच्या नावात कुर्ला आहे आणि नॅशनल स्टॉक एक्स्चेंज, सेबी, नाबार्ड, भारत डायमंड बोर्स हे सारे तिथेच आहे. देशाचा पैसा जिथे मोजला जातो, त्या जागेच्या शेजारी राहणाऱ्या विद्यार्थी मंडळांना मात्र एकांकिकेसाठी दिवे भाड्याने आणायचे, वस्तीतल्या अभ्यासिकेला पंखा बसवायचा किंवा शिबिरासाठी टेम्पो ठरवायचा म्हटले की सभासदांच्या खिशांकडे पाहावे लागते. कुर्ला व लगतच्या परिसरातील महाविद्यालयांत शिकणारे विद्यार्थी आणि त्यांच्या मंडळांचे कार्यकर्ते हे निवेदन सादर करीत आहेत. यात अनुदानाची मागणी नाही. पैसे उभे करण्याची तयारी त्यांची स्वतःची आहे. तो पैसा उजळ माथ्याने घेता येईल, ठेवता येईल आणि खर्चता येईल अशी वाट विद्यापीठाने घालून द्यावी, एवढेच मागणे आहे.

अशी वाट मुंबईला नवी नाही. १८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. निबंध वाचायला जमणारे हे तरुण दुसऱ्याच वर्षी मुलींच्या शाळा काढून मोकळे झाले. दादाभाई नौरोजी त्यांच्यापैकीच. मुली शाळेत येतील की नाही याचीच खात्री नसलेल्या त्या काळात या तरुणांनी सकाळच्या वेळी स्वतः, विनावेतन शिकवायला सुरुवात केली. काम दिसू लागल्यावर मदत आली : जगन्नाथ शंकरशेट यांनी मराठी मुलींच्या शाळेसाठी जागेची सोय केली, कामा कुटुंबाने पारशी मुलींच्या शाळांना आर्थिक आधार दिला. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची, म्हणजे विद्यार्थ्यांच्या या उपक्रमानंतर नऊ वर्षांनी. शहरात विद्यापीठ नव्हते तेव्हाही विद्यार्थ्यांची संघटना होती, तिचे काम होते आणि त्या कामाला पैसा देणारे लोकही होते.

विद्यापीठाचा स्वतःचा इतिहासही देणगीशी जोडलेला आहे. फोर्टच्या आवारातील राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिला आणि त्याला त्यांच्या आईचे नाव मिळाले. दीक्षान्त सभागृहाला सर कावसजी जहांगीर यांचे नाव आहे, तेही देणगीमुळेच. कुर्ल्याचा संबंध जोडायचा तर जमशेटजी टाटांनी १८८६ मध्ये इथली धरमसी मिल विकत घेऊन तिची स्वदेशी मिल केली. त्याच जमशेटजींनी १८९२ मध्ये परदेशी शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी निधी स्थापन केला. त्याची रचना निवेदनकर्त्यांना फार मोलाची वाटते : विद्यार्थ्याने कर्जाऊ रक्कम घ्यायची, पायावर उभे राहिल्यावर परत करायची आणि ती पुढच्याच्या कामी यायची. स्वदेशी मिल बंद पडली, तो निधी आजही चालू आहे.

मोठ्या देणगीइतकीच छोट्या नाण्याचीही महाराष्ट्रात परंपरा आहे. अंताजी दामोदर काळे यांनी ‘पैसा फंड’ काढला तेव्हा कल्पना साधी होती : प्रत्येकाने एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा राहावा. गावोगाव हिंडून जमवलेल्या त्या पैशांतून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. मुलांनी कष्ट करून शिकावे हा कर्मवीरांचा आग्रह होता आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात कर्मवीरांच्याच नावाने ‘कमवा व शिका’ योजना चालते. ती योजना विद्यार्थ्याच्या वैयक्तिक कमाईची आहे. विद्यार्थी मंडळाने सामूहिक कामासाठी कमवावे, याला मात्र आज कोणतीच चौकट नाही.

चौकट नसली की काय होते, हे कोणत्याही महाविद्यालयाच्या कट्ट्यावर कळते. नोंदणी नसलेल्या आणि दरवर्षी पदाधिकारी बदलणाऱ्या मंडळाला स्वतःचे बँक खाते उघडणे व टिकवणे अवघड जाते. मग कोणा एकाच्या मोबाइलचा क्यूआर कोड सगळ्या ग्रुपवर फिरतो आणि कार्यक्रमाचा सारा पैसा त्या मुलाच्या किंवा मुलीच्या खात्यात जमा होतो. घरखर्चाचे पैसे आणि मंडळाचे पैसे एकाच पासबुकात. हिशेब चोख असला तरी संशयाला जागा राहते. आणि ज्याच्यावर संशय येतो तो बहुतेक वेळा सर्वांत जास्त राबलेला असतो. तिसरे वर्ष संपले की तो निघून जातो, वहीही त्याच्याबरोबर जाते, आणि पुढच्या तुकडीला गेल्या वर्षी मंडप कितीला पडला हेसुद्धा ठाऊक नसते.

प्रायोजक शोधा, असा सल्ला नेहमी मिळतो. सेंट झेवियर्सचा ‘मल्हार’ १९७९ पासून चालतो, पवईच्या आयआयटीचा ‘मूड इंडिगो’ त्याहून जुना. या महोत्सवांनी प्रायोजकत्वाचा मार्ग यशस्वी केला आणि त्यांच्या आयोजनातून मुंबईतल्या कितीतरी तरुणांना कामाची शिस्त लागली, याबद्दल निवेदनकर्त्यांना आदर आहे. पण प्रायोजक गर्दी पाहून येतो. दोन वर्गखोल्या आणि एक जिना एवढ्यात कार्यक्रम करणाऱ्या रात्र महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळाकडे तो कशाला फिरकेल? शिवाय जो पैसे देतो त्याचा फलक, त्याचा स्टॉल, त्याच्या सोयीची तारीख हेही मागोमाग येते.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा, म्हणजे सीएसआरचा, मार्गही वाटतो तितका सरळ नाही. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढील कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्चावी लागते. मात्र प्रसिद्धीच्या बदल्यात दिलेले प्रायोजकत्व त्यात धरले जात नाही, आणि कंपनीने एखाद्या संस्थेमार्फत काम करायचे तर त्या संस्थेची १ एप्रिल २०२१ पासून ‘सीएसआर-१’ अर्जाद्वारे नोंदणी लागते. कुर्ल्यातल्या मंडळाने वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एखाद्या कंपनीचे दार ठोठावले आणि तिथल्या अधिकाऱ्याला मदत करावीशी वाटली, तरी त्याने धनादेश कोणाच्या नावाने काढायचा? इथेच गाडी अडते.

तेव्हा निवेदनकर्त्यांचा भर छोट्या, परिसरातल्या आणि श्रमाच्या मार्गांवर आहे. पहिला रद्दीचा. कुर्ला हे भंगार आणि सुट्या भागांच्या व्यापाराचे जुने ठिकाण आहे; वर्तमानपत्रे, जुन्या वह्या आणि पुठ्ठा यांना इथे घासाघीस करून भाव मिळतो. नेहरूनगर, टिळकनगर, चुनाभट्टी इथल्या सोसायट्यांतून महिन्यातून एक रविवार रद्दी गोळा केली तर भांडवल शून्य लागते. जुने मोबाइल आणि संगणक यात घेऊ नयेत, कारण ई-कचरा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच गेला पाहिजे. दुसरा मार्ग जुन्या पाठ्यपुस्तकांचा. सत्राच्या सुरुवातीला मंडळाने पुस्तके विकत घ्यायची, थोड्या वाढीव किमतीने विकायची. घेणाऱ्याचा निम्मा खर्च वाचतो आणि मंडळाच्या हाती काही उरते. कापडी पिशव्यांचा विचारही इथलाच आहे. २०१८ पासून राज्यात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आहे, आणि कुर्ल्यात शिवणकामाचे कारखाने गल्लोगल्ली आहेत. कारखान्यातले उरलेले कापड, शेजारच्या घरातले शिलाई यंत्र आणि कला मंडळाने केलेली छपाई एवढ्यावर पिशवी तयार होते.

एकांकिकांकडे विद्यापीठाने विशेष लक्ष द्यावे, अशी विनंती आहे. स्पर्धेच्या एका प्रयोगासाठी मुले महिनोन्‌महिने तालीम करतात, नेपथ्य उभारतात, आणि फेरीतून बाहेर पडले की सारे गुंडाळून ठेवतात. ‘ऑल द बेस्ट’सारखे गाजलेले व्यावसायिक नाटक मुळात एकांकिकाच होती. महाविद्यालयाच्या सभागृहात परीक्षेचा काळ सोडून अशा एकांकिकांचे तिकीट लावून प्रयोग होऊ द्यावेत. तिकीट स्वस्त ठेवता येईल, परिसरातली कुटुंबे येतील, आणि मराठी, उर्दू, हिंदी, गुजराती अशा कुर्ल्याच्या सगळ्या भाषांना रंगमंच मिळेल. तो नफा कितीही छोटा असो, कलेतून मिळालेला तो मंडळाचा पहिला पैसा असेल.

खाद्यपदार्थांचे स्टॉल सर्वांच्या आवडीचे. अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याखाली छोट्या विक्रेत्याची नोंदणी वर्षाला १०० रुपये शुल्कात होते, पण ती करायची असते हेच बहुतेक मंडळांना कोणी सांगत नाही. याउलट सोडतीची कुपने छापण्याचा मोह टाळलाच पाहिजे. परवानगीविना लॉटरी चालवणे हा गुन्हा आहे आणि ‘एवढ्याशा बक्षिसाला कोण विचारतो’ म्हणून तो हलका होत नाही. तंबाखूजन्य पदार्थांच्या कंपन्यांचे प्रायोजकत्व २००३ च्या कायद्याने निषिद्ध आहेच. दारू आणि ऑनलाइन जुगाराच्या जाहिरातीही विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमात नकोत, असे विद्यापीठाने लेखी स्पष्ट करावे. कुर्ल्यातले विद्यार्थी हे बंधन स्वतःहून मागत आहेत.

आता मागण्या. सर्वांत आधी खाते. प्रत्येक मान्यताप्राप्त विद्यार्थी मंडळासाठी महाविद्यालयाच्या बँक खात्याखाली स्वतंत्र उपखाते आणि त्याचाच क्यूआर कोड असावा. पैसे काढताना प्रभारी प्राध्यापक आणि दोन विद्यार्थी प्रतिनिधी यांच्या सह्या लागाव्यात. पावतीपुस्तक क्रमांकित असावे. वर्षअखेरीची शिल्लक महाविद्यालयाच्या सर्वसाधारण खात्यात न जाता त्याच मंडळाकडे पुढे ओढली जावी. ही अट नसेल तर काटकसर करण्याचे कारणच उरत नाही.

दुसरी मागणी बीजभांडवलाची आहे आणि तिचा नमुना वर सांगितलेल्या टाटा निधीत आहे. मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत विद्यार्थी शुल्काबरोबर जिमखाना, मासिक, विद्यार्थी कल्याण अशा नावांनी रकमा भरतात. त्यांतला छोटा हिस्सा फिरता निधी म्हणून बाजूला काढावा. मंडळाने पिशव्यांचे कापड किंवा सभागृहाची अनामत यासाठी त्यातून बिनव्याजी उचल घ्यावी आणि कार्यक्रमानंतर परत करावी. ज्या मंडळाने परत केली नाही त्याला पुढची उचल मिळू नये. याचबरोबर या शीर्षकांखाली किती जमले आणि कशावर खर्चले, हे प्रत्येक महाविद्यालयाने सूचनाफलकावर लावावे. गणेशोत्सव मंडळे अहवालात जमाखर्च छापतात, वर्गणीदाराचे नाव आणि रक्कमही देतात. वस्तीतले मंडळ जे करते ते महाविद्यालयाला जड जाऊ नये, आणि विद्यार्थी मंडळांनाही हाच नियम लागू करावा.

परवानगीबाबत स्थिती अशी की नोंदणी नसलेल्या कोणी धर्मादाय कारणासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. उत्सव मंडळांना हे माहीत असते, विद्यार्थ्यांना नसते. विद्यार्थी विकास विभागाने धर्मादाय आयुक्तालयाशी बोलून मराठीत सोपी मार्गदर्शिका काढावी आणि प्रत्येक महाविद्यालयात अर्जाची एक खिडकी ठेवावी. अर्जावर सात दिवसांत लेखी होकार किंवा कारणासह नकार मिळावा. सीएसआर आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांसाठी विद्यापीठाने नोंदणीकृत न्यासाची वाट खुली करावी, म्हणजे देणगीदाराला पावती मिळेल. नॅकच्या पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाची विचारणा असतेच. महाविद्यालयांचाही यात लाभ आहे.

आपत्तीसाठी मात्र सात दिवसही फार आहेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीकाठच्या कुर्ल्याची दैना झाली. अशा वेळी पाणी, औषधे, चादरी त्याच दिवशी लागतात. प्राचार्यांच्या एका सहीने त्याच दिवशी मदत गोळा करण्यास मुभा मिळावी आणि हिशेब पंधरा दिवसांत सादर करणे बंधनकारक असावे.

शेवटची मागणी श्रेयांकांची. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यात आलेल्या अभ्यासक्रम आराखड्यात सहअभ्यासक्रमीय उपक्रम आणि समाजसहभाग यांना श्रेयांक आहेत. मंडळाचा खजिनदार वर्षभर रोकड वही लिहितो, बिले जुळवतो, कोटेशन मागवतो, लेखापरीक्षणाला उत्तरे देतो. वाणिज्य शाखेच्या मुलासाठी याहून चांगले प्रात्यक्षिक नाही, आणि कला वा विज्ञान शाखेच्या मुलीला ते दुसरीकडे कुठेच मिळत नाही. हे काम श्रेयांकांस पात्र धरावे.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये विद्यार्थी विकास मंडळाची तरतूद आहे. वरील विषय त्या मंडळाच्या येत्या बैठकीपुढे ठेवावा, निवेदनकर्त्यांच्या प्रतिनिधींना बाजू मांडण्यासाठी वेळ द्यावा, आणि पुढील शैक्षणिक वर्षापासून कुर्ला परिसरातील इच्छुक महाविद्यालयांत ही व्यवस्था प्रायोगिक स्वरूपात सुरू करावी, ही विनंती. उपखाते, पावती आणि जमाखर्च यांचे नमुने विद्यार्थी स्वतः तयार करून बैठकीला आणतील.

आपले विश्वासू,
कुर्ला परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थी मंडळांचे प्रतिनिधी
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी :
मा. संचालक, विद्यार्थी विकास विभाग, मुंबई विद्यापीठ
मा. धर्मादाय आयुक्त, महाराष्ट्र राज्य, मुंबई
परिसरातील सर्व महाविद्यालयांचे मा. प्राचार्य