भिंतीवरचा गोल

मंडळी, सोफ्याच्या वर, कॅनव्हासवर छापलेला, वर्ल्डकप उचललेला मेस्सी (लुसैल, १८ डिसेंबर २०२२) कुठल्या फुटबॉलवेड्याला नको असेल? पण आधी साधं गणित करू. ३६ इंच रुंद प्रिंटला इंचामागे १५० पिक्सेल धरले तरी ५४०० पिक्सेल लागतात. नेटवरून उतरवलेला १२०० पिक्सेलचा फोटो ताणला, की इंचाला उरतात जेमतेम ३३... म्हणजे मेस्सी कमी, चौकोन जास्त! शिवाय फोटोचा हक्क फोटोग्राफरचा, ते वेगळंच.

माझं मत विचाराल तर जळगाव-धुळ्यातल्या आपल्या शाळेच्या मैदानावरची मॅच लावा. मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० पिक्सेल रुंद असतो. २६ इंचांपर्यंत मस्त छापता येतो. मेस्सीचा तो क्षण जगानं जपलाय हो. आपल्या मैदानावरच्या गोलची नोंद कोण ठेवतं? बघणारे पांगले, की संपलं.

फक्त खान्देशातलं ऊन विसरू नका. पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत नको, रंग उडतात. आणि फोटो लावण्याआधी पोरांना, त्यांच्या घरच्यांना विचारा. जमलं तर एक प्रत गोल मारणाऱ्यालाही द्या. त्याच्या घरीही भिंत असेलच की!